नमुना तपासणीयोग्य नाही

आमच्या घरातून एकाच पावसाळ्यात दोन नमुने मुंबईला गेले आणि दोन्ही नाकारले गेले.

पहिला नमुना म्हणजे थोरल्या काकांच्या मांडीतली गाठ. तालुक्याच्या गावी एका लहान रुग्णालयात ती काढली. डॉक्टरांनी ती प्लास्टिकच्या बरणीत घातली, वर सलाईन ओतलं, झाकणाला चिकटपट्टी लावली आणि बरणी माझ्या चुलतभावाच्या हातात दिली. ‘दादरला नेऊन द्या, तपासून कळवतील.’ खेडहून रात्रीची गाडी, गणपतीच्या आधीची गर्दी, बरणी मांडीवर. सकाळी प्रयोगशाळेतल्या माणसानं झाकण किंचित उघडलं आणि लगेच परत लावलं. तीन दिवसांनी कागद आला: ऊती कुजलेल्या, नमुना तपासणीयोग्य नाही.

दुसरा नमुना महिन्याभरानं त्याच भावानं नेला. आमच्या खाडीत मासे मरून वर आले होते. बोयटं, कोळंबी, काठाच्या चिखलात पोट वर करून पडलेल्या चिंबोऱ्या. त्यानं ते तपकिरी पाणी बिसलेरीच्या बाटलीत भरलं, बूच घट्ट लावलं आणि पुन्हा गाडी पकडली. तिथं त्याला विचारलं, पाणी किती वाजता भरलं? कोणासमोर भरलं? बर्फात ठेवलं होतं का? बाटली आधी कशाची होती? भाऊ म्हणाला, ‘पाण्याची.’ त्यावर समोरचा हसला, ते भावाला अजून लागतं.

भावाच्या मते ही मुंबईवाल्यांची मग्रुरी. माझं मत वेगळं आहे, आणि त्यावरून आमच्यात दोनदा वाजलंय. दोन्ही ठिकाणच्या माणसांचं म्हणणं शास्त्राला धरूनच होतं. शरीरातून काढलेलं मांस सलाईनमध्ये टिकत नाही, त्याला फॉर्मॅलिन लागतं, तेही गाठीच्या आकारमानाच्या दहापट. गाठ मोठी असेल तर ती चिरून उघडावी लागते, नाहीतर औषध आतपर्यंत पोचायच्या आधीच मधला भाग स्वतःच्याच रसांनी विरघळायला लागतो. पाण्याचंही तेच. बाटलीतले जिवाणू प्रवासभर जेवत असतात. रात्रभराच्या गाडीनंतर बाटलीत उरतं ते वेगळंच पाणी. शिवाय कायदा. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचं कलम २१ सांगतं, की प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानं नोटीस देऊन नमुना घ्यावा, कारखान्याच्या माणसादेखत त्याचे दोन भाग करावेत, सील करून सह्या घ्याव्यात. यातलं काही चुकलं तर तो नमुना कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. तिथं बिसलेरीच्या बाटलीला कोण विचारतो.

आपल्याकडे सांडपाण्यावरचा वाद नेहमी प्रक्रिया केंद्राच्या क्षमतेवर अडतो. किती लाख लिटर येतं, किती पेलतं, निधी कुठं गेला. कर्करोगावरचा वाद रुग्णालयाच्या खाटांवर अडतो. दोन्ही वाद खरे आहेत. पण त्यांच्या आधीची एक पायरी कोकणात कोणी बांधलीच नाही. नमुना नीट घ्यायचा, नीट राखायचा, त्यावर पत्ता नीट लिहायचा आणि वीस वर्षांनी कोणी मागितला तर काढून द्यायचा. ही पायरी नसल्यामुळे आमची तक्रार पिढ्यानपिढ्या तक्रारच राहते, तिचा पुरावा होत नाही. आणि कारखानदाराचा खुलासाही खुलासाच राहतो, हेही म्हटलं पाहिजे.

दुर्मीळ गाठींचा विषय इथं का काढतोय, ते सांगतो. युरोपात ज्या कर्करोगाचे वर्षाला लाख माणसांमागे सहापेक्षा कमी रुग्ण निघतात त्याला दुर्मीळ म्हणतात. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १६ लाख १५ हजार होती. म्हणजे त्या व्याख्येत बसणाऱ्या कुठल्याही एका प्रकाराचे जिल्ह्यात वर्षाला शंभरसुद्धा रुग्ण निघायला नकोत, आणि बहुतेक प्रकारांचे तर बोटांवर मोजण्याइतकेच. दोन हजार वस्तीच्या गावात तसा एक रुग्ण दिसायला कित्येक वर्षं जावी लागतील. प्रशासनाला म्हणून हा विषय क्षुल्लक वाटतो. मला तो नेमका म्हणूनच महत्त्वाचा वाटतो.

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात लुइव्हिल शहराजवळ पीव्हीसी बनवणारा बी. एफ. गुडरिच कंपनीचा कारखाना होता. तिथं कामगारांना तपासणारे जॉन क्रीच नावाचे सर्जन होते. दोन-अडीच वर्षांत त्याच कारखान्यातले तीन कामगार यकृताच्या अँजिओसार्कोमानं गेले. हा रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून उठणारा कर्करोग इतका विरळा, की एखाद्या सर्जनला आयुष्यभरात तो एकदाही दिसू नये. १९७४ च्या जानेवारीत ही गोष्ट जाहीर झाली आणि व्हिनाइल क्लोराइड वायूकडे बोट गेलं. त्या वायूची कारखान्यातल्या हवेतली परवानगीची मर्यादा दर दहा लाखांत ५०० भाग होती, ती १ वर आणावी लागली. ते तीन कामगार फुप्फुसाच्या किंवा तोंडाच्या कर्करोगानं गेले असते तर कोणाच्या लक्षातही आलं नसतं, ते गर्दीत मिसळून गेले असते. गाठ विरळा होती म्हणून तिचा आवाज ऐकू आला. अर्थात तो ऐकू येण्यासाठी तिन्ही वेळा कोणीतरी काच सूक्ष्मदर्शकाखाली धरून ‘हा साधा यकृताचा कर्करोग नव्हे’ असं लिहून ठेवलेलं होतं. एकाही अहवालावर ‘नमुना तपासणीयोग्य नाही’ असतं तर तीनाचे दोन झाले असते, आणि दोनावर कोण बोलतो?

ही दृष्टी परकी आहे असंही नाही. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली उघडलं तेव्हा तिथल्या प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे होती. आडनावात वेंगुर्ल्याजवळचं खानोली गाव. १९४५ मध्ये त्यांनी आणि सहलेखक सूर्याबाईंनी भारतीयांच्या राहणीशी निगडित कर्करोगांवर एक निबंध छापला. त्यात कमरेवरच्या त्वचेचा एक कर्करोग होता, जिथं धोतराची गाठ वर्षानुवर्षं करकचून बसते तिथला. ‘धोतराचा कर्करोग’ हे नाव त्यातूनच रूढ झालं. टेबलावर आलेल्या तुकड्यावरून हा माणूस काय नेसतो, कसा जगतो इथपर्यंत जाणारा पॅथॉलॉजिस्ट! आज तालुक्यातून बायोप्सीसोबत जाणारा फॉर्म बघा. नाव, वय, लिंग, गाठ कुठं, किती दिवस. व्यवसायाला रकाना नाही. पाणी विहिरीचं की नळाचं की ओढ्याचं, याचा तर प्रश्नच येत नाही. खानोलकरांना तो फॉर्म दिला असता तर ‘धोतर’ लिहायला त्यांना जागा मिळाली नसती.

इथं मला माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडायचं आहे. खाडीपट्ट्यातल्या कुठल्याही सभेला जा, कोणीतरी उठतो आणि सांगतो, ‘आमच्या वाडीत चार जणांना कॅन्सर झाला, हे कंपनीचंच पाणी.’ चार कोणते? एकाचा तोंडाचा, एकीच्या गर्भाशयमुखाचा, एकाचा पोटाचा, एकाचा कुठला ते घरच्यांनाही ठाऊक नाही. तंबाखूची मिश्री आपल्याच ओसरीवर भाजली जाते. चार वेगळे आजार एका माळेत ओवून त्याला पुरावा म्हणणं म्हणजे समोरच्या वकिलाला जेवायला बोलावणं. शिवाय आकडे लहान असले की ते योगायोगानंही एकत्र येतात. जाळं टाकणाऱ्याला हे नव्यानं सांगायला नको: एखाद्या दिवशी एकाच ओढीला पाच जिताडे लागतात, म्हणून तिथं जिताड्यांचं गाव वसलंय असं होत नाही.

त्याहून मोठी अडचण आहे ती चाकरमान्यांची. कोकणातला माणूस कुठला, हे ठरवणं भल्याभल्यांना जमलेलं नाही. रत्नागिरीची कर्करोग नोंदणी टाटा मेमोरियलच्या पुढाकारानं झाली, ही फार मोलाची गोष्ट आहे. पण नोंदणी राहत्या पत्त्यावर चालते. आयुष्यभर मुंबईत अॅस्बेस्टॉसचे पत्रे कापलेला माणूस निवृत्त होऊन संगमेश्वरला येतो. अॅस्बेस्टॉसचा मेसोथेलिओमा, म्हणजे बहुधा फुप्फुसाच्या आवरणात होणारा कर्करोग, उमटायला वीस-तीस-चाळीस वर्षं घेतो, आणि तो उमटतो तेव्हा आकडा रत्नागिरीच्या नावावर पडतो. उलट खेडजवळच्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत पंधरा वर्षं ड्रम धुतलेला गडी विरारला मुलाकडे जाऊन आजारी पडतो, त्याची गाठ पालघरची होते. मनीऑर्डरीवर जगलेल्या या पट्टीत राहता पत्ता एवढ्यावर विसंबणं म्हणजे भरतीच्या वेळी काठ मोजणं.

आता पाण्याकडे. लोटे परशुराम असो, महाड असो, रोहा असो, सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं काम सगळीकडे साधारण सारखंच चालतं. निरनिराळ्या कारखान्यांचं पाणी एका टाकीत येतं, आम्ल-अल्कली सांभाळून ते हवा सोडलेल्या टाकीत जातं आणि तिथं जिवाणू ते खातात. ही पद्धत १९१४ साली मँचेस्टरमध्ये जमली, शहरी मैल्यासाठी. मैला जिवाणूंना मानवतो. रसायन, रंग आणि औषधांच्या कारखान्यांचं पाणी नेहमीच मानवत नाही. रात्रीत एखादा जहाल टँकर रिकामा झाला की केंद्रावरची माणसं म्हणतात ‘बायो बसला’. मग पुन्हा शेण आणा, गाळ आणा, जिवाणू वाढवा. त्या आठवड्यात पाणी कुठं जातं हे ओढ्याकाठच्या माणसाला विचारावं. पश्चिम घाटावरच्या २०११ च्या गाडगीळ समितीच्या अहवालात लोट्याबद्दल लिहिलंय, की केंद्राला न पेललेलं पाणी कोतवली गावच्या ओढ्यात उतरत होतं, आणि हताश झालेल्या सरपंचानं तेच पाणी पिऊन जीव द्यायचा प्रयत्न केला होता.

ते वाचलं तेव्हा मला जपानमधला दुसरा एक पेला आठवला. मिनामाताच्या खाडीत पाऱ्याचं विष सोडणाऱ्या चिस्सो कंपनीनं १९५९ च्या डिसेंबरात ‘सायक्लेटर’ नावाचं शुद्धीकरण यंत्र वाजतगाजत सुरू केलं, आणि कंपनीच्या अध्यक्षांनी सर्वांदेखत पेलाभर पाणी पिऊन दाखवलं. पुढं बाहेर आलं, की ते यंत्र सेंद्रिय पारा काढण्यासाठी नव्हतंच. कंपनीच्याच रुग्णालयातल्या होसोकावा डॉक्टरांनी त्याआधी ते सांडपाणी मांजराला घालून रोग उमटल्याचं पाहिलं होतं, पण ती नोंद दाबली गेली. एक माणूस पाणी निर्धोक आहे म्हणून पितो, दुसरा ते विष आहे म्हणून पितो. दोन्ही पेले बघणाऱ्यांच्या काळजात जातात, पण पाण्यात काय होतं ते दोन्ही सांगत नाहीत. ते सांगणारी गोष्ट होती मांजराची नोंदवही.

आपल्याकडची रोजची नोंदवही म्हणजे सीओडी आणि बीओडी. बीओडी म्हणजे जिवाणूंना पाण्यातला माल खायला लागणारा ऑक्सिजन. सीओडी, म्हणजे पाण्यातला सेंद्रिय माल ऑक्सिडाइझ करायला लागणारा ऑक्सिजन, प्रवाहात सोडताना लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आत हवा. उपयोगाचा आकडा आहे, मी त्याची टर उडवत नाही. पण तो वजनकाट्यासारखा आहे. पोत्यात काहीतरी किती आहे ते सांगतो, तांदूळ आहे की खडे ते सांगत नाही. आणि काही रसायनं अशी, की इतक्या अल्प मात्रेत त्रास देतात की काटा हलतच नाही.

त्यांतली सध्या कोकणाच्या दाराशी आलेली म्हणजे पीफास, कार्बन-फ्लोरिनच्या चिवट बंधाची रसायनं. इटलीत व्हिचेन्झाजवळच्या त्रिस्सिनो गावी मितेनी नावाचा कारखाना ती बनवायचा. सुमारे साडेतीन लाख माणसांच्या पाण्यात ती उतरली, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, २०२५ च्या जूनमध्ये तिथल्या न्यायालयानं अकरा जणांना दोषी ठरवलं. त्या कारखान्याची यंत्रं विकली गेली आणि लोटे परशुरामला आली. नेहमीचे जिवाणू हा बंध तोडू शकत नाहीत. कार्बनच्या गाळणीत रसायन अडकतं खरं, पण मग ती गाळणीच विषारी होते. या कुळातल्या पीएफओएला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०२३ च्या अखेरीस कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. माणसांमधला जो मर्यादित पुरावा तिनं नोंदवला तो मूत्रपिंडाच्या आणि वृषणाच्या कर्करोगाचा. वृषणाचा कर्करोग भारतात दुर्मीळच. म्हणजे पाण्याचा प्रश्न फिरून पुन्हा पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर आला.

लोट्यात उद्या काय होईल यावर आत्ता हिरिरीनं बोलणारे दोन्ही बाजूंना आहेत. मला दोघांनाही एकच विचारायचं आहे: आजचं रक्त, आजच्या तिसऱ्या, आजचा खाडीचा गाळ कोणी गोठवून ठेवलाय का? नसेल, तर पंधरा वर्षांनी ‘आधीपासूनच होतं’ आणि ‘तुमच्यामुळे झालं’ ही दोन्ही वाक्यं तितकीच पोकळ असतील. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या ड्यूपाँटच्या कारखान्याचं हेच पीएफओए लोकांच्या पाण्यात उतरलं, तेव्हा तिथल्या दाव्याच्या तडजोडीतला मोठा पैसा माणसं तपासण्यावर खर्च झाला. २००५-०६ मध्ये सुमारे ६९ हजार लोकांनी रक्त दिलं, आजारांची माहिती भरून दिली. त्यातूनच २०१२ पर्यंत मूत्रपिंड आणि वृषणाच्या कर्करोगाशी संबंध असण्याची शक्यता समोर आली. आपल्याकडे नुकसानभरपाई म्हणजे धनादेश, हार आणि फोटो. त्या पैशातला दहावा हिस्सा तरी फ्रीझर आणि सूक्ष्मदर्शकाला मिळावा, ही मागणी मी अजून कुठल्या मोर्च्यात ऐकलेली नाही.

यावर सगळ्यात खरा आक्षेप मला कारखानदाराकडून आला नाही. तो आमच्याच खाडीत तिसऱ्या काढणाऱ्या एका मावशीनं घेतला. ‘तू तपासशील, आणि त्यात निघालं काय, की माझी पाटी बाजारात कोण घेईल? आणि नातीला सोयरीक कोण आणील?’ तिला माझ्याकडे सरळ उत्तर नव्हतं, आजही नाही. तपासणी झाली की भीती खरी ठरते आणि तिची किंमत आधी पाटीवालीच भरते. मी एवढंच म्हणालो, की अफवेनं भाव पडलेलाच आहे. ती म्हणाली, ‘अफवा चार दिवसांत विरते रे. कागद नाही विरत.’ म्हणून तपासणीच्या आधी भरपाईचा नियम हवा: नमुन्यात काही सापडल्यामुळे मासेमारी थांबली तर त्या दिवसापासून तिची मजुरी कोण देणार ते आधी लिहून ठेवलेलं हवं. नाहीतर तिनं मला काठावरून हाकलावं, ती बरोबरच असेल.

बाकी जे लागतं ते बरंचसं इथंच आहे. रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून आहे. तिसऱ्या आणि कालवं पाणी गाळून जगतात, पाण्यातलं बरंच काही त्यांच्या मांसात साठतं. पावसाआधी आणि पावसानंतर ठरलेल्या दहा जागांवरून ती गोळा करून गोठवणं विद्यार्थ्यांच्या कामातच बसू शकतं. जर्मनी १९८५ पासून असे नमुने द्रव नायट्रोजनवर राखते आणि नवं रसायन चर्चेत आलं की जुने नमुने काढून बघते. डेरवणला वैद्यकीय महाविद्यालय आहे, रत्नागिरी-सिंधुदुर्गात आता सरकारीही आहेत, आणि वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की पॅथॉलॉजी विभाग आलाच. तालुक्यात काढलेली गाठ फॉर्मॅलिनमध्ये, चिरा देऊन, त्या विभागापर्यंत पोचवायला एक गाडी आणि एक माणूस लागतो. आजाऱ्याचा भाऊ लागत नाही. विरळा गाठ असेल तर काच पुढं टाटाला जाऊ द्या, दुसरं मत घेतलंच पाहिजे, सार्कोमात, म्हणजे स्नायू, चरबी, हाडं अशा ऊतींच्या कर्करोगात, पहिलं नाव बदलणं ही काही नवलाची गोष्ट नाही. पण मेणाचा ठोकळा इथं राहू द्या. मेणात बसवलेली ऊती किती टिकते? १९१८ च्या फ्लूच्या साथीत मेलेल्या सैनिकाच्या फुप्फुसाच्या तसल्याच ठोकळ्यातून १९९७ साली त्या विषाणूचे तुकडे वाचता आले. आणि फॉर्मवर तीन ओळी वाढवा: आजवर कुठं कुठं राहिलात, काय काम केलंत, पाणी कशाचं प्यालात. छपाईचा खर्च तेवढा.

काकांची गाठ दीड वर्षानं परत आली. या वेळी मुंबईतच काढली, फॉर्मॅलिनमध्ये गेली, अहवालावर सार्कोमा असं नाव आलं. तिचा खाडीशी संबंध जोडायला माझ्याकडे काहीही नाही, मी जोडतही नाही. पण अहवाल हातात आल्यावर मी वरचा पत्ता वाचला. काका तेव्हा चुलतबहिणीकडे राहत होते, म्हणून कोणीतरी तिचा लिहिला होता. नालासोपारा पूर्व. साठ वर्षं ज्यांनी खाडीत जाळं टाकलं त्यांची गाठ कागदोपत्री खाडीकाठची नाही.

भावाची बिसलेरीची बाटली बरेच दिवस पडवीच्या फळीवर होती, तळाशी काळा गाळ बसलेली. मागच्या शिमग्याला साफसफाई करताना काकूनं ती ओतून टाकली. परसात माडाच्या आळ्यात ओतता आली असती. ती बांध ओलांडून लांब गेली.